आभासी सराव आणि कंत्राटी वास्तव

वैद्यकीय आणि परिचर्या शिक्षणात गेल्या काही वर्षांत एक नवी पद्धती झपाट्याने शिरली आहे. संगणकाच्या पडद्यावर एक कल्पित रुग्ण उभा करायचा. त्याचा रक्तदाब घसरत न्यायचा, श्वास अडखळवायचा. आणि निरनिराळ्या गावी बसलेल्या विद्यार्थ्यांनी, कोणी डॉक्टर, कोणी परिचारिका, कोणी औषधनिर्माता होऊन, इंटरनेटवरून परस्परांशी बोलत त्याला वाचवायचे, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. 'सिम्युलेशन' या नावाने ती ओळखली जाते. मराठीत तिला रंगीत तालीम म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

या पद्धतीविषयी आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांत दोन टोकांची मते आढळतात. एका मताप्रमाणे हा सारा संगणक कंपन्यांचा बाजार आहे आणि त्यापासून दूर राहावे हे उत्तम. दुसऱ्या मताप्रमाणे ही विज्ञानाची प्रगती आहे, तिच्या आड येणे म्हणजे मागासलेपण होय. ही दोन्ही मते वरवरची आहेत. या तालमीत कोणता धडा शिकवला जातो आणि तो धडा आचरणात आणण्याची मोकळीक आपली व्यवस्था आरोग्य कर्मचाऱ्याला देते काय, हे दोघेही विचारीत नाहीत. खरा प्रश्न तोच आहे.

तालमीचा उगम

रुग्णाच्या शरीरावर शिकण्यापूर्वी पुतळ्यावर शिकावे ही कल्पना नवी नव्हे. नॉर्वेतील खेळण्यांचे कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० साली कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली, आणि जगभरच्या लक्षावधी लोकांनी तिच्यावर प्रथमोपचार शिकून घेतले. पण हाताचे कौशल्य शिकवणे वेगळे आणि एकजुटीने काम करणे शिकवणे वेगळे. हा दुसरा धडा वैद्यकशास्त्राने विमानचालनाकडून उसना घेतला, आणि त्यामागे एक भीषण अपघात होता.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ येथील विमानतळावर दाट धुक्यात दोन प्रचंड विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे प्राणास मुकली. पुढे चौकशीत असे उघड झाले की, समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे की नाही याविषयी उड्डाण घेऊ पाहणाऱ्या डच विमानातील अभियंत्याने शंका बोलून दाखवली होती. कप्तान हा त्या कंपनीतील अतिशय ज्येष्ठ आणि इतरांना शिकवणारा वैमानिक होता. त्याने ती शंका बाजूला सारली, आणि कनिष्ठाने ती पुन्हा काढली नाही. यंत्रे धड होती, माणसे प्रशिक्षित होती. कमी पडली ती हुद्द्याच्या उतरंडीत खालच्याने वरच्याला रोखण्याची रीत.

अशा अपघातांच्या अभ्यासातून १९७९ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने बोलावलेल्या परिषदेनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवी शाखा निर्माण झाली. कनिष्ठाने धोका दिसताच स्पष्ट शब्दांत बोलावे, ज्येष्ठाने तो ऐकावा, आणि या दोहोंचा सराव नकली विमानकक्षात पुन्हा पुन्हा करून घ्यावा, हे तिचे सूत्र होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच सूत्र शस्त्रक्रियागृहात आणले. १९९९ साली अमेरिकेतील वैद्यकसंस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या देशातील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावतात, असा अंदाज त्यात होता, आणि या प्रशिक्षणाची निकड त्यानंतर सर्वत्र मान्य झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी तयार केली तिच्यातही हेच तत्त्व आहे. चीर देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे, असे एक कलम तिच्यात आहे. ते वरकरणी क्षुल्लक वाटते. पण ज्याने एकदा आपले नाव सांगितले त्याची जीभ दुसऱ्यांदा उघडणे सोपे जाते. दिल्लीसह जगातील आठ शहरांत या यादीचा प्रयोग झाला तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर उतरले.

सारांश, या प्रशिक्षणाचा गाभा लोकशाहीचा आहे. रुग्णाच्या उशाशी सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द सर्वांत वरच्या माणसाने ऐकला पाहिजे, हे तो शिकवतो.

बेळगावचा पडताळा

अशी तालीम म्हणजे श्रीमंत देशांची चैन, असे समजण्याचे कारण नाही. जन्मताच न रडणाऱ्या बालकाला पहिल्या मिनिटात श्वास घ्यायला लावण्याचे एक सोपे प्रशिक्षण २०१० साली जगापुढे आले. त्यासाठी वापरलेली बाहुली हवेने किंवा पाण्याने भरता येते. पाण्याने भरली की ती नवजात बालकाच्या वजनाची होते, आणि बाजूचा छोटा रबरी फुगा दाबला की तिची नाळ स्पंदू लागते. बेळगाव परिसरातील बारा आरोग्य केंद्रांत व रुग्णालयांत ५९९ प्रसूती-कर्मचाऱ्यांना हे प्रशिक्षण दिले गेले. परिणामी मृतजन्मांचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. पूर्वी ज्या बालकांना मृत समजून बाजूला ठेवले जाई त्यांतील काही मृत नव्हतीच. त्यांच्या तोंडावर मुखवटा धरून पिशवीने दोन-चार श्वास देणारा सरावलेला हात तेवढा हवा होता.

बिहारमध्ये गेल्या दशकात शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांत परिचारिकांनीच परिचारिकांना शिकवण्याचा उपक्रम राबवला गेला. तेथे महागड्या पुतळ्याऐवजी साध्या विजारीत फेरफार करून तयार केलेले साधन वापरले जाई. ते अंगावर चढवून एक सहकारी बाळंतिणीची भूमिका करी आणि बाकीच्या तिचा रक्तस्राव थांबवण्याचा सराव करीत. तालीम संपली की गोलाकार बसून, कोणालाही दोष न देता, काय घडले आणि काय राहून गेले याची चर्चा होई. या उपक्रमामागे गेट्स प्रतिष्ठानचा पैसा होता, हे विसरून चालणार नाही. आपल्याच देशातील प्रसूतिगृहांतील प्रशिक्षणासाठी सरकारने परक्या धनिकाच्या दातृत्वाकडे पाहावे, ही शरमेची गोष्ट आहे. पण त्यामुळे त्या परिचारिकांनी मिळवलेले कौशल्य कमी मोलाचे ठरत नाही.

दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. साधन स्वस्त होते, शिकवणारा माणूस समोर होता, आणि ज्या खोलीत उद्या काम करायचे त्याच खोलीत तालीम झाली.

अंतर ओलांडणारे सहकार्य

मग दूर अंतरावरून शिकणे निरर्थक आहे काय? तसेही नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठातील डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली एक प्रयोग सुरू केला. यकृताच्या 'क' प्रकारच्या काविळीवर उपचार करणारे तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण दूरवरच्या खेड्यांत व तुरुंगांत, अशी परिस्थिती होती. ठरलेल्या दिवशी गावोगावचे डॉक्टर व परिचारिका दृक्-श्राव्य संपर्काने एकत्र येत, आपापल्या रुग्णांची हकीकत मांडत आणि तज्ज्ञांबरोबर, तसेच एकमेकांबरोबर, चर्चा करीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यापीठाच्या दवाखान्यात बरे झालेल्यांचे प्रमाण ५७.५ टक्के, तर या दूरस्थ पद्धतीने गावात उपचार घेणाऱ्यांत ते ५८.२ टक्के आढळले. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात हीच पद्धत अवलंबिली आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. या प्रयोगात पडदा होता, पण रुग्ण खरे होते आणि त्यांच्यापाशी बसलेले शिकाऊ हातही खरे होते. पडद्याने तज्ज्ञ जवळ आणला. त्याने रुग्णाला हद्दपार केले नाही.

आपल्या देशात 'ई-संजीवनी' योजनेमार्फत उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरशी जोडला जातो, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत या योजनेखालील सल्लामसलतींची संख्या १० कोटींवर गेली होती. रुग्णाच्या पोटावर हात ठेवणारा एक आणि निर्णय घेणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. हाताला काय जाणवले ते नेमक्या शब्दांत सांगणे, डॉक्टरचा अंदाज पटला नाही तर तसे म्हणणे, हे दोघांनी एकत्र शिकण्याचे शास्त्र आहे. दूरस्थ तालमीचा खरा उपयोग कोठे असेल तर तो येथे आहे.

पूरक की पर्यायी?

परंतु सत्ताधारी वर्गाच्या हाती येताच हेच साधन कमतरता झाकण्याचा पडदा होऊ लागते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद पडली आणि शिकवणे पडद्यावर गेले. त्या आणीबाणीत दुसरा इलाज नव्हता. मात्र २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता, आणि इंटरनेटची सोय सुमारे १५ टक्के कुटुंबांत होती. शेतमजुराची जी मुलगी शासकीय परिचर्या महाविद्यालयात शिकत होती, तिच्या वाट्याला तुटक्या आवाजाचा मोबाइलच आला. ज्या वर्गातून परिचारिका येतात तोच वर्ग या शिक्षणातून प्रथम गळतो.

पडद्यावरच्या शिक्षणाची मर्यादा सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवली आहे. चीनमध्ये शिकणारे आणि टाळेबंदीमुळे मायदेशी अडकलेले भारतीय विद्यार्थी अभ्यासक्रमाचा शेवटचा भाग घरबसल्या पूर्ण करून आले. एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयाने प्रत्यक्ष रुग्णालयीन प्रशिक्षणावाचून डॉक्टर घडू शकत नाही असे मत दिले, आणि ही उणीव भरून काढण्याची योजना आखण्याचा आदेश राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला दिला. त्याप्रमाणे या विद्यार्थ्यांना दोन वर्षांची आंतरवासिता लावण्यात आली. यात विद्यार्थ्यांचा दोष कोणता? देशात खासगी महाविद्यालयांची फी न परवडल्यामुळेच सामान्य मध्यमवर्गीय पालकांनी जमीन-दागिने विकून मुले परदेशी धाडली होती.

२०१४ पूर्वी देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती. २०२४-२५ पर्यंत ती ७८० झाली आणि पदवीच्या जागा ५१ हजारांवरून १ लाख १८ हजारांवर गेल्या. जागा वाढल्या याचे स्वागतच आहे. पण त्या प्रमाणात शिक्षक आणि रुग्णशय्या कोठून आल्या? २०२५ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचलुचपतीबद्दल जो गुन्हा नोंदवला, त्यात तपासणीच्या दिवसापुरते खोटे अध्यापक उभे करणे आणि खोटे रुग्ण खाटांवर निजवणे असे आरोप आहेत. हीसुद्धा एक रंगीत तालीमच म्हणावयाची. फरक एवढाच की, एका तालमीत रुग्ण वाचावा म्हणून सोंग आणतात, दुसरीत नफा वाचावा म्हणून. ज्या व्यवस्थेत हे दुसरे सोंग चालते, तिला पडद्यावरचा कल्पित रुग्ण मोठा सोयीचा वाटेल. त्याला खाट लागत नाही, औषध लागत नाही, आणि त्याच्यासाठी अध्यापक नेमावा लागत नाही.

नीति आयोगाने २०२० साली जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून देण्याची योजना पुढे केली, तिच्याशी हे सारे जुळवून पाहिले पाहिजे. गरिबांचे खरे रुग्णालय खासगी हाती आणि गरिबांच्या मुलांसाठी आभासी रुग्णालय, असा हा मार्ग आहे.

खालच्या पायरीवरचा आवाज

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या तालमीचा सर्वांत मोलाचा धडा म्हणजे कनिष्ठाने धोका दिसताच बोलणे. तो धडा आज कोणाला शिकवला जात आहे? राष्ट्रीय आरोग्य अभियानातील हजारो परिचारिका, तंत्रज्ञ, समुदाय आरोग्य अधिकारी आणि औषधनिर्माते कंत्राटी आहेत. ठरावीक मुदतीची नेमणूक, आणि नूतनीकरण वरिष्ठांच्या मर्जीवर. अशा परिचारिकेला तालमीत सांगितले जाते की, औषधाची मात्रा चुकीची वाटली तर डॉक्टरला थांबव. ती पडद्यावर अगदी बिनचूक थांबवते आणि प्रमाणपत्र मिळवते. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष कक्षात तोच प्रसंग येतो, तेव्हा तिच्या मनात औषधाच्या मात्रेबरोबर आणखी एक हिशेब चालू असतो: मुलाची शाळा, घरभाडे आणि मार्चअखेर संपणारा करार. त्या क्षणी ती गप्प बसली तर दोष तिच्या प्रशिक्षणाचा की तिच्या नेमणूकपत्राचा?

तेनेरीफच्या त्या अभियंत्याला निदान आपल्या नोकरीच्या मुदतीची चिंता नव्हती. तरीही हुद्द्याचा दबदबा त्याला पुरून उरला. मग जेथे हुद्द्याच्या जोडीला बेकारीची भीती, जातीची उतरंड आणि स्त्री म्हणून होणारी अवहेलना एकवटलेली आहे, तेथे चार तासांच्या संगणकीय पाठाने जीभ मोकळी होईल अशी अपेक्षा करणे हा भोळेपणा तरी आहे किंवा ढोंग तरी.

आशा कर्मचाऱ्यांची कथा याहून वेगळी नाही. एप्रिल २०२० मध्ये त्यांच्यासाठीही सरकारी ऑनलाइन प्रशिक्षण सुरू झाले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी जी शिफारस केली होती, ती धूळ खात पडली. प्रशिक्षणापुरत्या त्या आरोग्य पथकाच्या सदस्य आणि पगारापुरत्या स्वयंसेविका! जिला कामगार म्हणून मान्यताच नाही, तिने पथकात कोणत्या हक्काने बोलावे?

याचे उत्तर कर्मचाऱ्यांनी स्वतःच शोधले आहे. केरळमध्ये परिचारिकांच्या दीर्घ लढ्यानंतर एप्रिल २०१८ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचे किमान वेतन २०,००० रुपये ठरवावे लागले. महाराष्ट्रात अभियानातील कंत्राटी कर्मचारी २०२३ च्या ऑक्टोबरात संपावर उतरले. दहा वर्षे सेवा झालेल्यांना कायम करण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला, आणि तो कागदावरून प्रत्यक्षात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संप करावा लागला. वृत्तपत्रांनी या संपांची बातमी 'रुग्णांचे हाल' या मथळ्याखाली दिली. पण कायम नोकरी ही केवळ पोटाची मागणी नाही. ती रुग्णसुरक्षेची मागणी आहे. निर्भयपणे 'थांबा' म्हणू शकणारी परिचारिका हेच रुग्णाचे सर्वांत खात्रीचे संरक्षण होय, हे जनतेला समजावून सांगण्यात आपण अजून कमी पडत आहोत.

यंत्राविषयी आपली दृष्टी

कामगारवर्गाच्या चळवळीने नव्या तंत्राकडे कधी आंधळेपणाने पाहिलेले नाही. टेलरच्या कार्यपद्धतीत भांडवलदारांचे शुद्ध क्रौर्य आणि मोलाचे वैज्ञानिक यश या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, हे लेनिन यांनी एप्रिल १९१८ मध्ये दाखवून दिले आणि त्यातील विज्ञान शिकून घेण्याचा आग्रह धरला. संगणकीय तालमीलाही हीच कसोटी लावावी लागेल.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि युद्धाच्या धामधुमीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्यांनी तेथील भाषा शिकून घेतली आणि विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवले. ज्याला शिकवायचे त्याच्या भाषेत शिकवावे, हा त्यांचा धडा आज विशेष स्मरणीय आहे. घाईच्या प्रसंगी 'थांबा' हा शब्द माणूस आपल्या मायबोलीतच उच्चारतो. त्याची तालीम परक्या भाषेत करून घेण्यात काय हशील?

मागण्या आणि कर्तव्ये

या विवेचनावरून पुढील मागण्या निघतात. पडद्यावरील तालीम ही रुग्णशय्येवरील प्रशिक्षणाला जोड म्हणूनच असावी; तिचे तास प्रत्यक्ष रुग्णालयीन प्रशिक्षणाच्या तासांतून वजा होऊ नयेत. कौशल्य-प्रयोगशाळा शासकीय महाविद्यालयांपुरत्या मर्यादित न ठेवता जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत उभाराव्यात, आणि आजूबाजूच्या उपकेंद्रांतील कर्मचाऱ्यांना त्या खुल्या असाव्यात. प्रशिक्षणाचे साहित्य सार्वजनिक मालकीचे, विनामूल्य आणि मराठीसह सर्व भारतीय भाषांत असावे. प्रशिक्षणाचा वेळ कामाचा वेळ धरावा आणि त्याचे साधन व इंटरनेटचा खर्च सरकारने सोसावा. डॉक्टर, परिचारिका, आशा आणि सफाई कर्मचारी यांची तालीम एकत्र व्हावी. ज्यांना एकत्र काम करायचे त्यांना वेगवेगळे शिकवण्यात अर्थ नाही. धोका निदर्शनास आणणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही अशी लेखी हमी प्रत्येक रुग्णालयाने द्यावी. आणि या सर्वांचा पाया म्हणून आरोग्यसेवेतील कायमस्वरूपी कामावरची कंत्राटी पद्धत रद्द व्हावी.

महाराष्ट्रात असोत वा दिल्ली, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे, आपल्या सभासदांनी परिचारिका, निवासी डॉक्टर आणि आशा यांच्या संघटनांत हा विषय आवर्जून मांडावा. विद्यार्थी आघाडीने आपल्या महाविद्यालयात प्रत्यक्ष रुग्णालयीन प्रशिक्षणाचे किती तास मिळतात याची नोंद ठेवावी आणि ती जाहीर करावी. कामगार आघाडीने कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लढ्याला रुग्णांच्या कुटुंबांचा पाठिंबा मिळवून द्यावा, कारण सरकारी रुग्णालयाच्या दारात रांगेत उभी असलेली ती कुटुंबे आपलीच आहेत.

पथकाने कसे बोलावे हे तालीम शिकवू शकेल. बोलण्याची हिंमत मात्र कायम नेमणुकीतून आणि पाठीशी उभ्या असलेल्या संघटनेतूनच येते. ती मिळवून देण्याचे काम कोणतीही कंपनी करणार नाही. ते आपले आहे.